अर्ध्या तिकिटामागचा कायदा: अमेरिकेतील शहरी बसभाड्याची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत ट्रॅमचे भाडे पाच सेंट होते आणि वर्षानुवर्षे ते तेवढेच राहिले. शहराने कंपनीला रस्ता वापरायचा परवाना दिला, की भाडे त्या करारातच लिहिलेले असे. रुळांमधला रस्ता दुरुस्त ठेवण्याचे कामही बहुधा कंपनीच्याच गळ्यात असे. पहिल्या महायुद्धात माल आणि मजुरी महागली आणि या कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या. तरी भाडेवाढीचे नाव काढायला पुढारी तयार नसत; न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे पाच सेंट १९०४ पासून १९४८ पर्यंत टिकले.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी मोटारी आल्या, वस्ती उपनगरांकडे सरकली. प्रवासी घटले म्हणून भाडे वाढले, भाडे वाढले म्हणून आणखी प्रवासी घटले. खासगी बसकंपन्या बंद पडू लागल्या आणि शहरांनी त्या ताब्यात घेतल्या. मागे उरलेले प्रवासी म्हणजे ज्यांना मोटार परवडत नव्हती किंवा चालवता येत नव्हती असे लोक. त्यांत म्हातारे आणि अपंग मोठ्या संख्येने होते. सवलतीचा प्रश्न खरा उभा राहिला तो इथे.

१९६४ च्या कायद्याने केंद्र सरकारचा पैसा शहरी वाहतुकीला मिळू लागला, पण तो गाड्या, डेपो, यंत्रसामग्री यांच्यासाठी. चालकांचा पगार आणि डिझेल यांचा खर्च शहरांनी आपापला भागवायचा होता. ही अडचण १९७४ च्या कायद्याने दूर केली. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी २६ नोव्हेंबर १९७४ रोजी त्यावर सही केली आणि दैनंदिन खर्चालाही केंद्राची मदत सुरू झाली. मदतीला एक अट जोडली होती: गर्दी नसलेल्या वेळी ज्येष्ठ आणि अपंग प्रवाशांकडून निम्म्याहून जास्त भाडे घ्यायचे नाही. आजची सगळी ‘अर्धी तिकिटे’ या अटीवर उभी आहेत.

या अटीची भाषा बारकाईने वाचायला हवी, कारण गोंधळ तिथेच होतात. निम्मे म्हणजे गर्दीच्या वेळच्या भाड्याच्या निम्मे. समजा सकाळचे भाडे अडीच डॉलर आणि दुपारचे दोन डॉलर आहे. तर दुपारी सवलतीचे भाडे सव्वा डॉलरपर्यंत लावता येते, एक डॉलरच असले पाहिजे असे नाही. सकाळी आणि संध्याकाळी सवलत देण्याचे बंधन नाही. यामागचा हिशेब सरळ आहे. दुपारी बस निम्मी रिकामी धावते, तिच्यात एक माणूस वाढला तर खर्च जवळजवळ वाढत नाही. सकाळी आठला मात्र वाढलेल्या माणसांसाठी आणखी एक गाडी आणि आणखी एक चालक लागतो. हिशेब बरोबर असला तरी सकाळी सातला कामावर निघणाऱ्या अपंग माणसाला त्यात काहीच मिळत नाही. बऱ्याच वाहतूक संस्था आपण होऊन दिवसभर सवलत देतात, हे योग्यच आहे.

पात्र कोण? ६५ वर्षे पूर्ण केलेले. आजार, दुखापत किंवा अपंगत्व यांमुळे खास सोयीशिवाय बस नीट वापरता न येणारे. आणि मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचे कार्ड दाखवणारा कोणीही. संस्थेला वयाची अट खाली आणता येते, वर नेता येत नाही. अपंगत्व तात्पुरते असले तरी चालते: पाय मोडलेल्या माणसाला डॉक्टरच्या सहीच्या अर्जावर ठरावीक मुदतीचे कार्ड मिळू शकते. मेडिकेअर हा ज्येष्ठांचा आरोग्य विमा असला, तरी सामाजिक सुरक्षेचे अपंगत्व वेतन २४ महिने मिळालेल्या तरुणालाही तो लागू होतो, म्हणून पन्नाशीतला माणूसही हे कार्ड दाखवू शकतो. नावातल्या साम्यामुळे अनेक जण मेडिकेड, म्हणजे गरिबांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड पुढे करतात. केंद्राच्या अटीत ते बसत नाही.

मेडिकेअर कार्डावर फोटो नसतो, त्यामुळे चालक फोटोचे ओळखपत्र मागू शकतो. संस्थेचे स्वतःचे फोटोवाले सवलत कार्ड एकदा काढून ठेवले की रोजची कटकट वाचते. रोख भरणाऱ्याने आधी कार्ड दाखवावे, मग पैसे टाकावेत. चालक भाडेपेटीवर सवलतीचे बटण दाबतो तेव्हाच निम्मी रक्कम पुरेशी धरली जाते. आधीच पूर्ण भाड्याची नोट आत सरकवली तर सुटे परत मिळत नाहीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस चालकांना लुटण्याचे प्रकार इतके वाढले, की त्यांच्याकडे सुटे पैसे ठेवण्याची पद्धत शहरोशहरी बंद झाली.

ही अट फक्त ठरलेल्या मार्गांवरच्या सेवेला लागू आहे. बस वापरूच न शकणाऱ्यांसाठी १९९० च्या अपंग हक्क कायद्याने आगाऊ नोंदणीची वेगळी गाडी सक्तीची केली. तिचे भाडे साध्या बसच्या पूर्ण भाड्याच्या दुपटीपर्यंत असू शकते. सोबतच्या मदतनीसाला मात्र भाडे नाही.

निम्म्या तिकिटातला उरलेला निम्मा कोणी भरायचा? त्यासाठी केंद्राने वेगळी भरपाई ठेवली नाही. पेनसिल्व्हेनियाने राज्य लॉटरीच्या उत्पन्नातून ज्येष्ठांचा प्रवास मोफत केला आणि ते टिकले. इलिनॉयमध्ये राज्यपाल रॉड ब्लागोयेविच यांनी २००८ मध्ये ६५ वर्षांवरच्या सर्वांना फुकट प्रवास दिला, पण त्यामागे पैशाची तरतूद नव्हती. सप्टेंबर २०११ पासून तो कमी उत्पन्नवाल्यांपुरता राहिला.

१९७४ च्या अटीत गरिबी हा निकष कुठेच नाही. सधन निवृत्ताला अर्धे तिकीट आणि दोन नोकऱ्या करणाऱ्या तिशीतल्या आईला पूर्ण, ही विसंगती पुढे चाळीस वर्षे तशीच होती. ती पहिल्यांदा जोरात मांडली गेली लॉस एंजेलिसमध्ये. तिथल्या वाहतूक संस्थेने १९९४ मध्ये भाडे १.१० वरून १.३५ डॉलर करायचे आणि ४२ डॉलरचा मासिक पास बंद करायचा ठरवले. बस रायडर्स युनियन आणि सोबतच्या संघटना वंशभेदाला मनाई करणाऱ्या नागरी हक्क कायद्याखाली न्यायालयात गेल्या. १९९६ च्या तडजोडीत पास वाचला आणि बसमधली गर्दी कमी करण्याचे बंधन संस्थेवर दहा वर्षांसाठी आले. पुढे केंद्राच्या २०१२ च्या नियमाने दोन लाखांहून जास्त वस्तीच्या नागरी क्षेत्रात गर्दीच्या वेळी ५० किंवा जास्त गाड्या चालवणाऱ्या संस्थेला भाडे बदलण्याआधी त्याचा गरीब आणि वर्णीय अल्पसंख्य प्रवाशांवर काय परिणाम होईल, हे तपासणे बंधनकारक केले.

उत्पन्नावर आधारलेल्या सवलती शहरांनी आपल्या बळावर आणल्या. सिॲटलच्या किंग काउंटीने १ मार्च २०१५ रोजी एकीकडे भाडे २५ सेंटने वाढवले आणि त्याच दिवशी ‘ऑर्का लिफ्ट’ सुरू केले: केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दीड डॉलरचे भाडे. नोंदणी आरोग्य खात्याच्या आणि समाजसेवी केंद्रांच्या खिडक्यांवर ठेवली, कारण इतर योजनांसाठी लोक तिथे उत्पन्नाचे कागद आधीच घेऊन येतात. न्यूयॉर्कची ‘फेअर फेअर्स’ २०१९ मध्ये आली. तिचा खर्च शहराच्या अर्थसंकल्पातून होतो. तिथली मर्यादा सुरुवातीला दारिद्र्यरेषेच्या १०० टक्केच होती. किमान वेतनावर पूर्णवेळ काम करणारा एकटा माणूस तिच्याबाहेर पडत होता. पुढे ती १२० आणि मग १४५ टक्के केली गेली, तरी असा माणूस बाहेरच राहिला.

पास घेण्यातही गरीब माणूस मागे पडतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला एकरकमी शंभर डॉलर हातात नसले, की तो रोज सुटी तिकिटे काढतो आणि महिनाअखेर पासवाल्यापेक्षा जास्त भरतो. पोर्टलंडने २०१७ मध्ये ‘हॉप’ कार्डात यावर उपाय केला. फेरीला अडीच डॉलर कापले जात, दिवसाचे पाच आणि महिन्याचे शंभर डॉलर भरले की पुढचा प्रवास आपोआप फुकट. रोख भरणाऱ्याला हा लाभ मिळत नाही, कारण आधीच्या फेऱ्या कोणाच्या हे भाडेपेटीला कळत नाही. म्हणून बँक खाते नसलेल्यांसाठी हे कार्ड किराणा दुकानांत मिळते आणि त्यात पैसेही तिथेच रोखीने भरता येतात.