एमएसचा अटॅक, स्टिरॉइडचा कोर्स आणि अंगातली बाकीची दुखणी

१९२९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या एका रुग्णाने डॉ. फिलिप हेंच यांना सांगितलं, की कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. असलं काही घरातल्या आजीने सांगितलं असतं तर आपण हसून सोडून दिलं असतं. हेंच यांनी ते वहीत टिपलं. गरोदरपणातही संधिवात मावळतो हे पुढे त्यांच्या लक्षात आलं. अशा वेळी शरीरात सांध्यांना आराम देणारं काहीतरी तयार होत असणार, या तर्काचा त्यांनी जवळजवळ वीस वर्षं पिच्छा पुरवला. सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिझोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांतच ती उठून बाजारात जाऊन आली. १९५० चं नोबेल हेंच, एडवर्ड केंडाल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना मिळालं.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते असा आजार. त्याचा अटॅक आला, म्हणजे लक्षणं अचानक उफाळली, की आज सलाइनमधून दिलं जाणारं मिथाइलप्रेडनिसोलोन याच घराण्यातलं. एका दुखण्याचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो हे बारकाईने पाहिलं म्हणून हे औषध हाती आलं. गंमत अशी, की एमएसमध्ये ते वापरताना रुग्णाच्या बाकीच्या दुखण्यांकडे पाहायचं कित्येक वर्षं राहूनच गेलं. ‘मला शुगर आहे, बीपी आहे, पोटात अल्सर आहे, मग या अटॅकवर स्टिरॉइड घ्यायचं की नाही?’ या प्रश्नाला आजही सरळ उत्तर मिळत नाही, त्याची मुळं तिथे आहेत.

फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात या आजाराचं नीट वर्णन केलं, त्यानंतर ऐंशीएक वर्षं हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. अटॅक यायचा, काही आठवड्यांत बराचसा ओसरायचा, थोडं काहीतरी मागे ठेवून जायचा. कॉर्टिझोन आल्यावर डॉक्टरांनी ते आणि शरीराला स्वतःचं स्टिरॉइड बनवायला लावणारं एसीटीएच, दोन्ही एमएसवर वापरून पाहिली. अमेरिकेतल्या १० केंद्रांवर १९७ रुग्णांची चाचणी झाली आणि १९७० मध्ये तिचा निष्कर्ष आला: एसीटीएच घेतलेले लोक लवकर सुधारतात. ‘लवकर’ या शब्दावर बोट ठेवून पुढे वाचावं, कारण पन्नास वर्षांत तो शब्द फारसा बदललेला नाही.

ऐंशीच्या दशकात एसीटीएच मागे पडलं आणि रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, तीन ते पाच दिवस, ही ‘पल्स थेरपी’ रूढ झाली. ज्यांनी ती घेतली आहे त्यांना हातातल्या सुईपेक्षा तोंडात येणारी धातूची चव आणि रात्रभर टक्क उघडे राहिलेले डोळे जास्त आठवतात.

या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची चाचणी डोळ्यांची आहे. डोळ्याची नस सुजून दृष्टी अंधूक होणं ही पुष्कळदा एमएसची पहिली खूण असते. अमेरिकेत १९८८ ते १९९१ या काळात अशा ४५७ रुग्णांचे तीन गट केले: एकाला शिरेतून मोठा डोस, दुसऱ्याला नेहमीच्या मात्रेत प्रेडनिसोनच्या गोळ्या, तिसऱ्याला औषध नसलेल्या गोळ्या. १९९२ मध्ये निकाल आला. शिरेतून औषध घेतलेल्यांची दृष्टी लवकर परतली, पण सहा महिन्यांनी पाहिलं तर तिन्ही गट जवळपास एकाच ठिकाणी होते. आणि कुणालाच अपेक्षित नव्हतं असं एक: कमी डोसच्या गोळ्या घेतलेल्यांना तोच त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण जास्त निघालं.

दुसरा आजार असलेल्या माणसासाठी या निकालाचे दोन अर्थ होतात. स्टिरॉइड घेतल्याने काही आठवडे वाचतात, शेवटी पोचायचं ठिकाण सहसा बदलत नाही; म्हणून मधुमेह हाताबाहेर असेल आणि अटॅक नुसत्या मुंग्यांचा किंवा बधिरपणाचा असेल, तर थांबून पाहणं हा निष्काळजीपणा ठरत नाही. पाय उचलत नसतील, दिसत नसेल, कामावर जाता येत नसेल, तर तेच काही आठवडे फार मोलाचे. दुसरा अर्थ आपल्याकडे कमी पोचलाय. ‘शुगर आहे ना, मग अर्धाच डोस घेऊ’ ही तडजोड शहाणपणाची वाटते, पण तिच्या बाजूने पुरावा नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की रोज अर्धा ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन पाच दिवस, याहून कमी देऊ नका. द्यायचं तर पुरतं द्या, नाहीतर देऊच नका, असा त्याचा मथितार्थ मी काढतो. मधुमेह किंवा नैराश्य असलेल्यांवर लक्ष ठेवायची गरज असेल तर दाखल करून शिरेतून देण्याचा विचार करावा, असंही त्याच तत्त्वांत आहे. म्हणजे दुसरा आजार आहे म्हणून बदलायची ती देखरेख.

डोळ्यांच्या त्या चाचणीमुळे गोळ्याच बदनाम झाल्या. दोष गोळीचा नसून डोसचा असावा हे पटायला वीसहून जास्त वर्षं गेली. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत तोंडावाटे १ ग्रॅम आणि शिरेतून १ ग्रॅम यांत फरक पडला नाही, झोप मात्र गोळ्यावाल्यांची जास्त उडाली. पण अशा चाचण्यांत मुळात कोण असतं? ज्यांची शुगर आटोक्यात नाही, ज्यांना जुनाट संसर्ग आहे, त्यांना सहसा दारातूनच परत पाठवतात. निष्कर्ष निघतो धडधाकट एमएसवाल्यांवर आणि लागू होतो सगळ्यांना.

मग दुसऱ्या आजारांकडे लक्ष कधी गेलं? मुख्यतः २०१० नंतर. कॅनडाच्या रूथ अ‍ॅन मॅरी यांनी उत्तर अमेरिकेतल्या रुग्णनोंदणीतून जवळपास नऊ हजार लोकांची माहिती तपासली. निदानाच्या वेळीच बीपी, मधुमेह, हृदयविकार, कोलेस्टेरॉल यांपैकी काही असलेल्यांना चालताना आधार साधारण १२.८ वर्षांत लागला, बाकीच्यांना १८.८ वर्षांत. सहा वर्षांचं अंतर! स्टिरॉइडच्या कोर्सने वाचणाऱ्या आठवड्यांशेजारी हा आकडा ठेवला, की रोजची बीपीची गोळी अचानक एमएसचंच औषध वाटायला लागते.

उलट्या दिशेनेही घोटाळे झाले. संधिवातात टीएनएफ हा दाहकारक रेणू अडवणारी औषधं फार उपयोगी पडली, म्हणून त्याच जातीचं लेनरसेप्ट एमएसवर वापरून पाहिलं. १९९९ मध्ये निकाल आला तो अटॅक वाढल्याचा. तेव्हापासून संधिवात किंवा क्रोनसारखा आतड्याचा आजार सोबत असलेल्या एमएसच्या रुग्णाला ही औषधं देणं टाळतात. हेंच यांच्या संधिवाताने एमएसला एक औषध दिलं, आणि त्याच संधिवाताच्या दुसऱ्या औषधाने एमएस चिघळवला.

अटॅक खरा आहे का, हा प्रश्न तर याहून जुना. व्यायामानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते हे १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ यांनी नोंदवलं. पुढे कळलं की खरं कारण अंगातली उष्णता. एमआरआय येण्याआधी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवत. मे महिन्यात विदर्भात राहणाऱ्यांना तो टब वेगळा लागत नाही. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, उकाडा यांनी जुनीच लक्षणं वर येतात, नस नव्याने सुजलेली नसते. मधुमेहात लघवीचा संसर्ग वारंवार होतो, आणि असा संसर्ग ‘अटॅक’ समजून स्टिरॉइड दिलं तर शुगर आणि जंतू दोन्ही चढतात. म्हणून आधी लघवीची तपासणी.

भारतात एमएस विरळा आहे असं बराच काळ मानलं जाई. मुंबईच्या पारशी समाजात तो चांगलाच आढळतो हे डॉ. नोशीर वाडिया यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे या हिशेबात आणखी दोन नावं येतात. एक टीबी: छातीत जुना डाग असेल तर डॉक्टर स्टिरॉइडआधी एक्स-रे मागवतात. दुसरं म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत चढलेली शुगर आणि सढळ हाताने दिलेलं स्टिरॉइड एकत्र आलं की काय होतं, ते महाराष्ट्राने वॉर्डावॉर्डांत पाहिलं. त्यानंतर स्टिरॉइडचं नाव काढलं की घरचे लोक बिचकतात, आणि ते चुकीचं आहे असं म्हणवत नाही.

या कोर्समध्ये एक साधी गोष्ट हमखास निसटते. सकाळी स्टिरॉइड घेतलं की शुगर दुपारनंतर चढते, संध्याकाळपर्यंत चढीच राहते आणि पहाटेपर्यंत बरीच उतरते. रोज उपाशीपोटीची शुगर तपासणाऱ्या घरात ग्लुकोमीटरवर ११० दिसतं आणि सगळे निश्चिंत होतात. तेच यंत्र दुपारी चार वाजता लावलं तर आकडा तीनशेच्या वर असू शकतो.