सगळ्यांचंच वय साठ कसं?

२०११ नंतरची शिरगणती आता १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार. चर्चा सगळी जातीच्या रकान्याची; मला वेड वयाच्या रकान्याचं.

२०११ ला धुळ्यात, देवपूरच्या आमच्या गल्लीत, प्रगणक गुरुजी ओट्यावर टेकले. शेजारच्या आजीला विचारलं, "माय, वय कितलं?" "व्हई साठ-पासष्ट. बहात्तरना दुस्काळमा मन्हं लगीन व्हयनं." गुरुजींनी ६० लिहिलं. मी मनात हिशोब केला: लग्नात सोळाची धरली तर ५५. म्हणजे माझाही अंदाज पाचवरच येऊन बसला!

वय शून्य किंवा पाचवर संपणारंच सांगायचं, हा घोळ मोजता येतो. त्याला व्हिपल निर्देशांक म्हणतात. २३ ते ६२ वयाची माणसं घ्या. २३च का? कारण २३ ते २७ च्या मधोमध २५ येतं, २८ ते ३२ च्या मधोमध ३०, असं करत ५८ ते ६२ च्या मधोमध ६०. वय वाढतं तशी माणसं कमी होतात, पण दोन्ही बाजूंची वयं सारखीच घेतल्याने तो उतार बहुतेक कटतो. चाळीस वयांपैकी शून्य-पाचवाली आठ, म्हणजे एक पंचमांश. समजा, गल्लीत अशी २०० माणसं आहेत. शून्य-पाचवाली ४० हवीत. निघाली ७०. सत्तर भागिले चाळीस, गुणिले शंभर: १७५. १०० आलं तर वयांचा ढीग नाही. सगळेच शून्य-पाचवाले असते तर ५००. संयुक्त राष्ट्रांच्या मोजपट्टीवर १०५ च्या आत नोंद उत्तम, १७५ च्या वर अगदीच कच्ची.

गल्लीत म्हातारे किती, कमावते किती, हे सगळं या रकान्यावरच उभं असतं. काहींना वय सांगितलं की आयुष्य घटतं, पोरं मोजली की दृष्ट लागते असं वाटतं. घटते ती फक्त नोंदीची किंमत.

मग जन्मतारीखच विचारावी? ती २०११ लाही विचारली होती. आमच्या गल्लीतल्या निम्म्या काकांची निघाली १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी पोराकडे बघून साल ठरवलं आणि तारीख टाकली शाळा उघडण्याच्या महिन्याची. अशा सालांचा ढीग शून्य-पाचवर पडत नाही. व्हिपलच्या हिशेबात ही मंडळी एकदम चोख.