मरणपंथाला लागलेली डिस्क आणि तिचा क्लोन : पार्श्वभूमी

हार्ड डिस्क टकटक करू लागली, एकेक फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट जाऊ लागले, की जाणकार एकच सांगतात: आधी क्लोन काढ, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, बाकीचे मग. सल्ला योग्यच आहे. पण क्लोन हा शब्द आणि त्यासाठीची पहिली साधने, दोन्ही धडधाकट डिस्कांसाठी जन्माला आली. आजारी डिस्क हा त्यांचा विषयच नव्हता. आज होणारे बरेचसे घोटाळे या वारशातून येतात.

फार मागे जायची गरज नाही. १९५६ ची पहिली डिस्क कपाटाएवढी, ५० तबकड्यांची आणि ४ एमबीच्याही आतली होती; तिचा क्लोन ठेवायला दुसरे कपाट कोण घेणार? १९८० मध्ये सव्वापाच इंची डिस्क आली, क्षमता ५ एमबी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. त्या काळच्या डिस्कच्या झाकणावर कारखान्यातून चिकटवलेला कागद असे आणि त्यावर खराब जागांची यादी. फॉरमॅट करताना ती हाताने टाइप करायची. डिस्क आपले दोष लपवत नसे.

लपवाछपवी सुरू झाली ती ८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, डिस्क चालवणारा कंट्रोलर संगणकातून उचलून डिस्कच्याच अंगावर बसवला तेव्हा. आता डिस्क स्वतःपाशी राखीव सेक्टर (मजकूर साठवण्याचे छोटे ठरावीक कप्पे) बाळगू लागली. एखादी जागा बिघडली की तिच्याऐवजी राखीवातला एक लावून मोकळी, संगणकाला पत्ताही नाही. मात्र यात एक मेख आहे. जो सेक्टर वाचताच येत नाही तो डिस्कला परस्पर बदलता येत नाही, कारण बदली जागेवर लिहायचे काय हेच तिला ठाऊक नसते. तो ‘पेंडिंग’ म्हणून पडून राहतो, कोणीतरी त्याच्यावर नव्याने काही लिहीपर्यंत. म्हणूनच जागच्या जागी ‘दुरुस्ती’ करणारी साधने चालवली की पेंडिंगचा आकडा शून्यावर येतो, डिस्क बरी झाल्यासारखी वाटते, आणि त्या सेक्टरमधला मजकूर मात्र कायमचा गेलेला असतो.

९० च्या दशकाच्या मध्यात आलेली स्मार्ट ही इशारा देणारी यंत्रणा अशाच आकड्यांवर उभी आहे. तिच्यावर किती विसंबायचे याचे उत्तर २००७ मध्ये मिळाले. एका बड्या इंटरनेट कंपनीने एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला. त्यात बिघडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता.

आता क्लोनकडे. युनिक्सवाल्यांच्या हाताशी ७० च्या दशकापासून डीडी हा मजकूर तुकड्या-तुकड्याने उतरवणारा प्रोग्राम होता. त्याच्या नावाची मुळे ६० च्या दशकातल्या मेनफ्रेमवरच्या ‘डेटा डेफिनिशन’ या विधानात आहेत. डीडीचे काम होते टेपवरचा मजकूर एका लिपीसंकेतातून दुसऱ्यात नेण्याचे. दुसरा प्रवाह ९० च्या दशकाच्या मध्याचा: एक संगणक नीट मांडायचा आणि त्याच्या प्रती कार्यालयातल्या पन्नास संगणकांवर ओतायच्या. क्लोन आणि इमेज (एका फाइलीत साठवलेली अख्ख्या डिस्कची प्रत) हे शब्द रुळले ते इथून. हे प्रोग्राम फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, ओळखून फक्त भरलेला भाग उचलत, म्हणून झटपट चालत. आजारी डिस्कवर तेच उलटते, कारण कुठला भाग भरलेला हे सांगणारे तक्तेच वाचता आले नाहीत तर उचलायचे काय?

डीडीचा दोष वेगळा. वाचनात पहिली चूक आली की तो थांबतो. ‘नोएरर’ हा पर्याय दिला की पुढे जातो, पण न वाचलेला तुकडा गाळून. परिणामी त्यापुढचा सगळा मजकूर अलीकडे सरकतो आणि पत्ते चुकतात. म्हणून जोडीला ‘सिंक’ द्यायचे, म्हणजे गाळलेल्या जागी शून्ये भरली जातात. त्यातही ब्लॉक ६४ केबीचा ठेवला तर ५१२ बाइटच्या एका सेक्टरपायी शेजारचे १२७ चांगले सेक्टरही शून्य होऊ शकतात. ही जोडगोळी आजही सर्रास सुचवली जाते, याचे मला नवल वाटते.

या उणिवेतून जी साधने निघाली त्यांच्या नावांचा गुंता मुळापासून सांगण्यासारखा आहे. १९९९ मध्ये एक आला: डीडी, मग खालची रेघ, मग रेस्क्यू. चूक आली की हा छोटे घास घेई, जागा ओलांडली की पुन्हा मोठे, आणि शेपटाकडून उलटेही वाचू शके. २००४ मध्ये दुसऱ्याच लेखकाने, पूर्णपणे स्वतंत्रपणे, दुसरा लिहिला. नाव तेच, फक्त मधली रेघ नाही. बोलताना दोघांत काही फरक उरत नाही. त्यावर कडी केली एका नावाजलेल्या लिनक्स वितरणाने. तिथे बिनरेघेच्या नावाचे पॅकेज बसवले की रेघेवाला प्रोग्राम मिळे. बिनरेघेचा हवा तर नावाआधी ‘जी’ लावलेले पॅकेज बसवायचे, आणि चालवताना मात्र तो ‘जी’ काढून टाकायचा. हा नुसता नावांचा खेळ असता तर हसून सोडून देता आला असता. पण रेघेवाल्याला ‘आर’ हा पर्याय दिला तर त्याचा अर्थ उलट दिशेने वाच. बिनरेघेवाल्याला दिला तर खराब जागा इतक्या वेळा पुन्हा वाचून बघ. एकाच्या सूचना वाचून दुसरा चालवणारे कितीतरी जण भेटतात, आणि डिस्क हे शिकण्यासाठी थांबत नाही.

सध्या जिथेतिथे वापरला जातो तो बिनरेघेवाला. त्याची खुबी ताकदीत नाही, क्रमात आहे. १ टीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. त्यातले १० हजार खराब निघाले आणि प्रत्येकाशी डिस्क १० सेकंद झटत बसली, तर सुमारे २८ तास गेले. आणि हे सारे कशासाठी, तर ५ एमबीसाठी, म्हणजे १९८० च्या त्या अख्ख्या डिस्कएवढ्या मजकुरासाठी. तेवढ्यात हेड, म्हणजे तबकडीवरून मजकूर वाचणारा भाग, बसला तर उरलेले ९९ टक्केही हातचे गेले. म्हणून चूक आली की उडी मारायची, सोपे ते सगळे आधी पदरात पाडून घ्यायचे, आणि मग मागे वळून कडा खरवडायच्या.

हे जमते ते एका साध्या मजकूर-फाइलमुळे. आधी तिला लॉग म्हणत, आता मॅप म्हणतात. ती उघडून पाहिली तर प्रत्येक ओळीत सुरुवात, लांबी आणि शेवटी एक चिन्ह: अधिक म्हणजे आले, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावलेला नाही, वजा म्हणजे खराब; तारा आणि तिरकी रेघ मधल्या अवस्थांना. वीज गेली, डिस्क गरम झाली, काम थांबवून दुसऱ्या दिवशी सुरू केले, तरी तिथूनच पुढे. ही फाइल न देता प्रोग्राम चालवता येतो, ही मूळ रचनेतलीच चूक मानावी असे माझे मत.

वाद उरला आहे तो खरवडण्याच्या टप्प्याचा. एक बाजू म्हणते, पहिली फेरी झाली की थांबा, इमेजमधून फाइली काढून बघा, हवे ते मिळाले असेल तर डिस्कला पुन्हा छळू नका. दुसरी म्हणते, आज वाचता येतील ते सेक्टर उद्या वाचता येतील कशावरून. मी पहिल्या बाजूचा, पण टकटक नसेल आणि खराब जागा एकाच पट्ट्यात असतील तर दुसऱ्यांचेही खरे असते.

पुढच्या काळाने नवीनच अडचणी आणल्या. २०१० च्या आगेमागे ४ केबीचे सेक्टर आले. नंतर एकावर एक सरकवलेल्या पट्ट्यांवर लिहिणाऱ्या डिस्क आल्या. नवी डिस्क या जातीची निघाली तर बराच वेळ चाललेल्या लेखनात तिचा वेग कोसळतो आणि आजारी डिस्क विनाकारण फिरत राहते. एसएसडीत तर टकटकच नाही. चालू असतानाच एखादा दिवस ती दिसेनाशी होते. आणि सर्वांत फसवे प्रकरण यूएसबी डबीचे, म्हणजे डिस्क आत बसवून यूएसबीने संगणकाला जोडायच्या खोक्याचे. काही डब्या ५१२ बाइटच्या सेक्टरची डिस्क संगणकाला ४ केबीची म्हणून दाखवतात. अशा डबीतच फॉरमॅट केलेली डिस्क डबीत बसवून रात्रभर क्लोन करायचा, एकही खराब सेक्टर लागत नाही, आणि नवी डिस्क संगणकात थेट जोडली की कोरी दिसते. मजकूर सगळा जागेवर असतो. पार्टिशन तक्त्यातले, म्हणजे डिस्कचा कुठला भाग कुठे सुरू होतो हे सांगणाऱ्या यादीतले, आकडे आठपट वेगळ्या मापाने वाचले जातात, एवढेच. तीच डिस्क त्या डबीत घातली की फोल्डर जसेच्या तसे उघडतात.