विज्ञान-प्रलयकथेचे वाचन

पृथ्वीवर कोसळणारे संकट विज्ञानाच्या नियमांत बसवून सांगणारी कादंबरी म्हणजे विज्ञान-प्रलयकथा. जुनी प्रलयकथा आज वाचताना हाताशी पेन्सिल असावी. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) हा अशा कथेचा उत्तम नमुना. हॉयल हे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले मार्गदर्शक आणि नारळीकर पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक, त्यामुळे पुण्याच्या वाचकाला हे घराणे अनोळखी नाही.

कथेत सूर्याकडे सरकणारा वायूचा ढग आधी फोटोप्लेटांवर, म्हणजे आकाशाचे फोटो टिपणाऱ्या काचांवर, सापडतो. तो केव्हा पोचेल हे काढायला त्याचे अंतर माहीत असण्याची गरज नाही, हीच यातली गंमत. समजा, पहिल्या प्लेटवर ढगाचा डाग ४० मिमी आहे आणि महिन्याने ४२ मिमी. ४० ला वाढीने, म्हणजे २ ने, भागले की दुसऱ्या प्लेटपासून २० महिने उरतात. मात्र वेग स्थिर हवा, ढग स्वतः फुगत नसावा आणि तो थेट आपल्याच दिशेने येत असावा. मोजणीत अर्धा मिलिमीटर चुकला तरी उत्तर १६ ते २७ महिन्यांत कुठेही जाते. वाढ लहान असली की चूक अशी मोठी होते. एकाच मोजणीवर विसंबणारी प्रलयकथा इथेच ओळखू येते; हॉयल आपला हिशेब दुसऱ्या मार्गानेही पडताळून घेतात.

जुनेपणा तीन तऱ्हांचा असतो. साधनांचा जुनेपणा, म्हणजे फोटोप्लेटा आणि हाताने केलेली आकडेमोड, आज खटकत नाही. माणसांचा खटकतो: निर्णय जवळजवळ सगळे पुरुषांचे. सिद्धान्ताचा जुनेपणा मात्र टिपण करून ठेवण्याजोगा. (इथून पुढे कथानक उघड होते.) ढग बुद्धिमान निघतो आणि पहिला ढग असा कधी होता का, याबद्दलच शंका घेतो. ही हॉयल यांच्या १९४८च्या स्थिर-स्थिती सिद्धान्ताची, म्हणजे विश्वाला आरंभच नाही या मताची, सावली. १९६५मध्ये सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारण, म्हणजे विश्वाच्या तप्त आरंभाची उरलेली खूण, सापडल्यावर तो सिद्धान्त मागे पडला. त्याने कथा बिघडत नाही. ढगाचे मत ढगाचे.

ढगाच्या बुद्धिमत्तेचा पुरावा रेडिओतून मिळतो. माणसांनी प्रक्षेपण सुरू केले की वातावरणाचे आयनीभवन (अणूंवर विद्युतभार येणे) वाढते, थांबवले की ओसरते. हे प्रकरण वाचून झाल्यावर नारायणगावजवळच्या खोडदला, ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण पाहायला, जाऊन यावे. तिथे आणि आसपासच्या परिसरात विखुरलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना मुख्यतः मीटर लांबीच्या रेडिओलहरी टिपतात. तरंगलांबी वाढली की ताटलीही का वाढवावी लागते, ते तिथे नजरेला दिसते.

या कादंबरीचे खरे दुबळे अंग वेगळे आहे: आधी उष्मा, मग अंधार, मग गारठा आणि कोट्यवधी मृत्यू, पण ते सगळे काही परिच्छेदांत उरकलेले. पुणेकराकडे याला मोजपट्टी आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. शहराला पाणी पुरवणारे धरणच गेल्याने पूर ओसरल्यावर टंचाई झाली ती पाण्याचीच. प्रलयाच्या दुसऱ्या दिवशी प्यायचे पाणी कुठून आले, हा प्रश्न कोणत्याही प्रलयकथेला विचारून पाहावा. बहुतेक कथा तिथे गप्प बसतात.