'मिररशेड्स' की 'बर्निंग क्रोम'? गॉगलवालं पुस्तक आणि क्रोमवालं पुस्तक

रंकाळ्याच्या कठड्यावर आम्ही सात-आठ जण अधूनमधून पुस्तकांवर गप्पा मारायला जमतो. गेल्या खेपेला विषय होता सायबरपंक कथा, म्हणजे कॉम्प्युटर आणि तंत्रज्ञान पार माणसाच्या अंगात घुसलेल्या विज्ञानकथा, आणि पहिला अर्धा तास भांडणातच गेला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा आमचा मित्र तावातावानं म्हणाला, "भावा, निम्म्या गोष्टींत कॉम्प्युटरच न्हाई. चर्चवरचे दगडी राक्षस जिवंत होऊन फिरत्यात. हे कसलं सायबरपंक?" समोरून उत्तर आलं, "आरं, डोक्यात डेटा भरून फिरणारा जॉनी वाचला न्हाईस व्हय?" तो म्हणाला, जॉनी कुठंच नाही. दुसरा म्हणाला, पहिलीच गोष्ट त्याची आहे. दोघंही खरं बोलत होते. दोघांच्या हातातली पुस्तकं वेगळी होती, एवढंच.

हा गोंधळ होण्यात वाचकांचा फारसा दोष नाही. 'मिररशेड्स' आणि 'बर्निंग क्रोम' ही दोन्ही पुस्तकं १९८६ साली, काही महिन्यांच्या अंतरानं, अमेरिकेतल्या आर्बर हाऊस या एकाच प्रकाशनानं काढली. दोन्हींत विज्ञानकथालेखक विल्यम गिब्सनच्या कथा आहेत आणि दोन्हींची प्रस्तावना त्याचाच समकालीन लेखक ब्रूस स्टर्लिंगची. त्यावर कडी म्हणजे दोन कथा दोन्ही पुस्तकांत जशाच्या तशा आहेत. जुळ्या भावांना शाळेत एकाच बाकावर बसवल्यासारखा प्रकार.

फरक मात्र मुळातच आहे. 'बर्निंग क्रोम' हा संग्रह आहे. एका लेखकाच्या दहा कथा, त्यातल्या तीन कुणा मित्राबरोबर जोडीनं लिहिलेल्या. 'मिररशेड्स' हे संकलन आहे. संपादक स्टर्लिंग, कथा बारा आणि लेखक गिब्सन, पॅट कॅडिगन, रूडी रकर, जॉन शर्ली, ग्रेग बेअर, लुइस शायनर, मार्क लेडलॉ असे बरेच. आपण मराठीत दोन्हीला सरसकट 'कथासंग्रह' म्हणून मोकळे होतो, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथंच होते. जयंत नारळीकरांचं (हो, जन्मानं कोल्हापूरचेच) 'यक्षांची देणगी' उघडताना आपल्याला माहीत असतं की शेवटच्या पानापर्यंत एकच आवाज ऐकायचा आहे. दिवाळी अंक उघडताना आपण तशी अपेक्षा धरत नाही. एक कथा नाही आवडली तर पानं उलटून पुढं जातो, आणि फार तर म्हणतो, यंदा संपादकाची निवड जरा घसरली.

'मिररशेड्स'वर नाराज होणारे वाचक बहुधा तो संग्रह समजून वाचतात. निऑनचे दिवे, पाऊस, मेंदूला जोडलेल्या तारा, हॅकर, बलाढ्य कंपन्या या अपेक्षेनं ते येतात. आणि समोर येतं काय? ग्रेग बेअरच्या 'पेट्रा'मध्ये कॅथेड्रलमधले जिवंत दगड. रकरच्या कथेत जादूगार हुडिनी. स्टर्लिंग आणि शायनर यांच्या जोडकथेत भविष्यातले लोक भूतकाळात जाऊन तिथलं तेल उपसतात आणि तरुण मोत्सार्ट गॉगल लावून हिंडतो. (ही कथा मला संकलनातली सगळ्यात मजेदार वाटते. वसाहतवादावर इतकं हसत हसत लिहिणं सोपं नाही.) सायबरपंकच्या ठरीव चित्रात यातलं थोडंच बसतं. हा आक्षेप पुस्तक आलं तेव्हापासून आजतागायत घेतला जातो, आणि तो चुकीचाही नाही. पण १९८६ साली ते ठरीव चित्र पुरतं तयारच कुठं झालं होतं? आपल्याला ते ठाऊक आहे ते नंतरच्या सिनेमांमुळं आणि गेम्समुळं. स्टर्लिंग हा प्रकार कसा दिसतो ते दाखवत नव्हता. एकमेकांना पत्रं लिहिणारी, एकमेकांच्या कथा वाचणारी एक टोळी तो लोकांपुढं आणत होता.

म्हणून 'मिररशेड्स'मध्ये कथांपेक्षा प्रस्तावना जास्त गाजली. अभ्यासक आजही तिचे दाखले देतात. ती एका चळवळीचा जाहीरनामा होऊन बसली. तिच्यातला एक मुद्दा मला फार आवडतो. पूर्वी तंत्रज्ञान म्हटलं की हूव्हर धरण, एम्पायर स्टेट बिल्डिंग, अणुवीज प्रकल्प असलं अवाढव्य काहीतरी डोळ्यांपुढं यायचं. ऐंशीच्या दशकात तंत्रज्ञान अंगाला चिकटलं: वॉकमन, घरचा कॉम्प्युटर, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. आपल्याकडं बघायचं तर शाहू महाराजांचं राधानगरी धरण एका टोकाला, आणि मघाच्या मित्राच्या काउंटरवर उघडून ठेवलेले मोबाइल दुसऱ्या टोकाला. धरण बघायला आपण सहलीला जातो, मोबाइल उशाला घेऊन झोपतो.

दोन प्रस्तावनांचीही गल्लत होते. सत्तरच्या दशकातली विज्ञानकथा मरगळलेली होती आणि या मंडळींनी तिला जाग आणली, असा सूर लावल्याबद्दल स्टर्लिंगवर स्त्रीवादी वाचकांनी कडक टीका केली. त्याच दशकात जोआना रस, अर्सुला ले ग्विन अशा लेखिकांनी विज्ञानकथेचा कायापालट केला होता, तो कसा दिसला नाही तुम्हाला, असा त्यांचा सवाल. स्त्रीवादी विज्ञानकथा-चाहत्या जीन गोमोल यांनी जोआना रस यांना उद्देशून लिहिलेलं खुलं पत्र याबाबत प्रसिद्ध आहे. पण त्या पत्राला निमित्त झालेली प्रस्तावना 'बर्निंग क्रोम'ची होती, 'मिररशेड्स'ची नव्हे. 'मिररशेड्स'वरचा त्याच जातीचा आक्षेप शोधायला अनुक्रमणिका पुरते. सगळ्या लेखकांत बाई एकच, पॅट कॅडिगन. आणि तिची 'रॉक ऑन' ही पुस्तकातल्या सगळ्यात अस्सल सायबरपंक कथांपैकी एक.

टोळीतल्या लोकांनाही हे लेबल पुढं नकोसं झालं. पाच वर्षांतच, १९९१ साली, शायनरनं 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आपण आता माजी सायबरपंक असल्याचा कबुलीजबाब लिहिला. उलट मार्क लेडलॉची '४०० बॉइज' २०२५ मध्ये नेटफ्लिक्सच्या 'लव्ह, डेथ अँड रोबॉट्स'मध्ये आली, आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी लोक संकलनात ती कथा शोधू लागले. संकलनाचं नशीब असं अकराजणांत वाटलेलं असतं.

'बर्निंग क्रोम'चं नशीब गिब्सनला बांधलेलं. त्याच्या 'न्यूरोमॅन्सर' या कादंबरीला ह्यूगो, नेब्युला आणि फिलिप के. डिक असे विज्ञानकथेचे तिन्ही मानाचे पुरस्कार मिळून गेले होते, त्यामुळं वाचक संग्रहाकडं आले ते आधीच प्रेमात पडून. 'सायबरस्पेस' हा शब्द याच पुस्तकाच्या शीर्षककथेतला, ती 'ऑम्नी' मासिकात १९८२ साली छापून आली होती. वस्तू बनवणारा काहीही ठरवो, रस्त्यावरची माणसं तिचा आपला उपयोग शोधून काढतात, हे सायबरपंकचं सगळ्यात गाजलेलं निरीक्षणही तिच्यातच आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

खरी गंमत दोन्हीकडं असलेल्या कथांची. 'रेड स्टार, विंटर ऑर्बिट' ही सोव्हिएत अवकाशस्थानकातल्या एका म्हाताऱ्या अंतराळवीराची गोष्ट, ती कुठंही वाचली तरी तशीच लागते. 'द गर्न्सबॅक कंटिन्युअम'चं तसं नाही. एका फोटोग्राफरला १९३० च्या दशकातल्या 'भविष्यवेधी' इमारतींचे फोटो काढायचं काम मिळतं. काढता काढता त्या काळानं कल्पिलेलं, पण कधीच न आलेलं भविष्य त्याला खरोखर दिसू लागतं: आकाशातली प्रचंड विमानं, झगमगतं शहर, पांढऱ्या कपड्यांतली गोरीपान, निरोगी, सुखी माणसं. तो घाबरतो. 'मिररशेड्स'मध्ये ही कथा सगळ्यात आधी आहे, लागूनच प्रस्तावना. तिथं ती युद्धाची आरोळी वाटते: जुन्या विज्ञानकथेचं ते चकचकीत स्वप्न आम्हाला नको. 'बर्निंग क्रोम'मध्ये ती जॉनीनंतर, दुसऱ्या क्रमांकावर येते, आणि तिथं ती फक्त एका थकलेल्या माणसाची, त्याच्या नजरेला झालेल्या आजाराची गोष्ट आहे. शब्द तेच, पण शेजार बदलला की कथेचा सूर बदलतो. संपादन म्हणजे काय हे मला या एका कथेनं जितकं शिकवलं तितकं कुठल्या व्याख्यानानं नाही. जाता जाता, ज्या ह्यूगो गर्न्सबॅकची ती टिंगल आहे, त्यानंच १९२६ मध्ये सुरू केलेल्या 'अमेझिंग स्टोरीज' मासिकात १९८३ साली ब्रूस बेथकीची 'सायबरपंक' नावाची कथा आली आणि तो शब्द छापला गेला. घरचाच आहेर.

आधी कुठलं वाचायचं, असं कुणी विचारलं तर मी 'बर्निंग क्रोम' हातात देतो. 'मिररशेड्स' नंतर, आणि तेही एका बैठकीत नको. रात्री एक कथा, बास. रंकाळ्यावर त्या दिवशी शेवटी दोघांनी पुस्तकांची अदलाबदल केली. चार दिवसांनी दुकानातून फोन आला: "जॉनी भेटला. पर त्या दगडी राक्षसांची गोष्ट परत एकदा वाचायचीय. पुस्तक आणून दे की."