इशारा आणि उत्तर: लहान मुलांना मदत करताना होणारी गल्लत

चार वर्षांची एक मुलगी ठोकळ्यांचा पूल बांधते आहे. दोन ठोकळे उभे करून ती त्यांच्यावर लाकडी पट्टी ठेवू पाहते. पट्टी एका बाजूने घसरून खाली येते. ती पुन्हा ठेवते, पुन्हा तेच. शेजारी बसलेलं मोठं माणूस म्हणतं, "अगं, ठोकळे जवळ घे ना." ती घेते, पूल उभा राहतो, टाळ्या वाजतात.

त्याच क्षणी ते माणूस असंही म्हणू शकलं असतं, "पट्टी कुठपर्यंत पोचतेय, बघ बरं." दोन्ही वाक्यं मायेनंच बोललेली, दोन्ही मदतीचीच. पण पहिलं उत्तर आहे आणि दुसरा इशारा. मुलांना स्वतःची अडचण स्वतः सोडवता यावी म्हणून आपण खेळ आणतो, वेळ काढतो आणि ऐन वेळी इशारा समजून उत्तर देऊन बसतो.

दोन्हींतला फरक ओळखायला मी एकच गोष्ट पाहते: आपलं बोलून झाल्यावर मुलापुढे किती वाटा उरल्या? "ठोकळे जवळ घे" म्हटल्यावर एकच उरली. "कुठपर्यंत पोचतेय" म्हटल्यावर ती ठोकळे सरकवेल, लांब पट्टी शोधेल किंवा मधे तिसरा ठोकळा उभा करेल. तिसरा ठोकळा कदाचित आपल्याला सुचलाही नसता. पुढची चाल कोणती हे मुलानं ठरवलं तर तो इशारा. आपण ठरवली आणि मुलानं फक्त हात चालवले तर ते उत्तर, मग आपण ते कितीही गोड शब्दांत सांगितलेलं असो.

प्रश्नचिन्ह लावल्यानं उत्तराचा इशारा होत नाही. "मोठा ठोकळा खाली ठेवायचा का?" या प्रश्नाला नाही म्हणणारं मूल विरळाच. आवाजाच्या चढउतारावरून, आपली नजर कुठे जाते त्यावरून, नकळत पुढे झालेल्या बोटावरूनही मुलं उत्तर हेरतात. चित्राचे तुकडे जुळवणारं मूल तुकड्याकडे बघायचं सोडून आपल्या चेहऱ्याकडे बघू लागलं, तर कोडं आता आपल्या चेहऱ्यावर आलं आहे असं समजावं. अशा वेळी मी तरी त्या चित्राकडेच बघत राहते.

उत्तर दिल्यानं बिघडतं काय? २०११ साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याबाबत बोलका आहे. शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांना त्यांनी एक नवीन खेळणं दिलं. त्यात वेगवेगळ्या करामती लपलेल्या होत्या: एक नळी ओढली की आवाज यायचा, कुठे दिवा लागायचा, कुठे सूर वाजायचे, कुठे आरसा होता. काही मुलांना आवाजाची करामत नीट शिकवून दाखवली. इतरांच्या हाती खेळणं आलं ते असं शिकवल्याशिवाय. शिकवलेली मुलं तीच करामत करत राहिली आणि बाकीचं खेळणं त्यांनी कमी धुंडाळलं. जाणत्या माणसानं एवढंच दाखवलं, म्हणजे यात एवढंच असणार, असं त्यांनी धरलं. मुलांचा हा तर्क मला अगदी रास्त वाटतो. म्हणूनच आपण काय आणि कधी दाखवतो याची जबाबदारी मोठी आहे.

पण म्हणून हाताची घडी घालून बसणं हाही इशारा नव्हे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३, ४ आणि ५ वर्षांच्या ३० मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला आणि शिकवणाऱ्या व्यक्तीची मदत कशी बदलते ते पाहिलं. तीन वर्षांच्या मुलांना आधी त्या कामात ओढून आणावं लागलं, करून दाखवावं लागलं. तोंडी सूचना त्यांच्या फारशा पचनी पडल्या नाहीत. चार वर्षांच्यांना शब्दांचा आधार पुरू लागला. पाच वर्षांच्यांना बहुतेक वेळा "बरोबर जमलंय ना?" एवढीच खातरी हवी होती. म्हणजे एकच वाक्य पाच वर्षांच्या मुलाला इशारा असतं आणि तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जातं. वयापेक्षाही, मूल आत्ता कुठे अडलंय हे महत्त्वाचं.

म्हणून मदत पायरीपायरीनं वाढवावी. आधी थांबायचं. मूल स्वतःशी पुटपुटत असेल तर नक्कीच थांबायचं. मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी दाखवून दिलं होतं की काम अवघड झालं की मुलांचं स्वतःशी बोलणं वाढतं. ते बोलणं म्हणजेच विचार चालू आहे, त्यात आपण तोंड घालू नये. मग मोघम प्रश्न: "काय होतंय?" मग लक्ष वळवणारं वाक्य: "ही कड सरळ आहे, अशी आणखी कुठे दिसते?" मग दहाऐवजी तीनच तुकडे पुढे सरकवणं. आणि कशानंच जमलं नाही तर सरळ करून दाखवणं. मुलाला जमलं की लगेच एक पायरी मागे यायचं. हे मागे येणंच आपल्याला सर्वांत जड जातं.

काही गोष्टींची मात्र थेट उत्तरंच द्यावीत. कात्री कशी धरायची, फाशावर किती पडले की सोंगटी बाहेर निघते, या वस्तूला काय म्हणतात, हे विचार करून सापडत नाही. कुणीतरी सांगावंच लागतं. तिथे "तूच शोध" म्हणणं मुलावर अन्याय आहे. धोक्याच्या ठिकाणी तर इशाऱ्याचा प्रश्नच येत नाही. आणि मूल रडकुंडीला आलं असेल तर आधी जवळ घ्यायचं, कोडं कुठे पळून जात नाही.

राहता राहिलं "तूच कर" म्हणून सगळं आपल्या पुढ्यात सरकवणारं मूल. पूर्ण नकार दिला तर ते उठून जातं, पूर्ण करून दिलं तर उद्याही तेच म्हणतं. अशा वेळी "एक तुकडा मी लावते, पुढचा तू" असं ठरवावं, आणि आपला तुकडा असा निवडावा की त्याच्या शेजारचा मुलाला दिसलाच पाहिजे.