गुंगीचं इंजेक्शन आणि शेवटचं इंजेक्शन

पडवीत गोणपाटावर मोती पडलेला. चौदा वर्षांचा कुत्रा, किडन्या गेलेल्या. डॉक्टरांनी मांडीत सुई टोचली, पाचेक मिनिटांत मान कलंडली आणि आजीनं पदर तोंडाला लावला.
"गेलो काय रे?"
"नाय गे आजये, निजलोहा फक्त."

वेंगुर्ल्याच्या आसपास डॉक्टरांची पेटी धरून फिरताना हे कितीदा बोललो असेन. घोळ 'झोपवणे' या शब्दाचा. टाके घालायलाही झोपवतात आणि कायमचंही झोपवतात.

पहिलं इंजेक्शन गुंगीचं. बहुधा झायलाझिन, कधी जोडीला केटामिन. ते मांसात देतात. श्वास, हृदय चालू राहतं. भीती आणि दुखणं मागे पडतं. एवढ्यावरच थांबलं तर कुत्रं सहसा काही तासांत उठून बसेल. झायलाझिननं कधी कधी ओकारी होते, मग घरचे विचारतात, "विष दिलंत काय?"

दुसरं शिरेत. आपल्याकडे बरेचदा थायोपेंटोन. हेही मुळात भुलीचंच औषध, फक्त मात्रा खूप मोठी. आधी मेंदू बंद, मग श्वास, मग हृदय. शिरेबाहेर गेलं तर आग होते, म्हणून पुढच्या पायात आधी कॅन्युला, म्हणजे शिरेत राहणारी बारीक नळी, बसवतात. पाणी आटलेल्या जनावराची शीर सापडत नाही, गुंगीनं रक्तदाब उतरला की आणखीच लपते. तेव्हा "किती टोचताय" म्हणून डॉक्टरांवर ओरडू नका.

गंमत अशी, की पहिल्यानंतर जिवंत असलेलं मेल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्यानंतर नेमकं उलटं. डोळे उघडेच राहतात, एखादा खोल आचका येतो, कातडी थरथरते, लघवी होते. त्याला त्यातलं काहीच कळत नसतं. डॉक्टर काही मिनिटं स्टेथोस्कोप लावून ठेवतात, बुबुळाला बोट लावून पाहतात. त्यांनी 'गेला' म्हणेपर्यंत फावडं उचलू नये.

निरोप मात्र पहिल्या सुईच्या आधी घ्यावा, असं माझं स्पष्ट मत. नंतर तुमचा हात ओळखायला तो जागा नसतो. मुंबईहून निघालेल्या मुलासाठी थांबायचं असेल तर ते तेव्हाच सांगा.

आणि वाडीतल्या भटक्या कुत्र्यांना पावातून विष घालणं यातल्या कशातच बसत नाही. ती क्रूरता आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा आहे.

पुरताना आपल्याकडे जांभा आडवा येतो आणि लोक हातभर खड्ड्यावर भागवतात. तसं करू नका. औषध मढ्यात टिकून राहतं. कोल्ह्यानं किंवा शेजारच्या कुत्र्यानं उकरून खाल्लं तर तोही आडवा होईल. विहिरीपासूनही लांब हवं. आजीला मोती विहिरीकडच्या माडाखाली हवा होता. शेवटी काजूच्या बागेत जागा ठरली, आणि पहारेनं चार फूट जायला दोघांची अख्खी दुपार गेली.